माती, मीठ आणि औषध : उपयोग कुठे, धोका कुठे

(बेसा, नागपूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय साधा वाटतो, पण त्यावर घरोघरी वाद होतात. आजी म्हणते पोटावर मातीची पट्टी ठेव, नातू म्हणतो हे सगळं थोतांड आहे. माझं म्हणणं असं, की दोघंही थोडे बरोबर आहेत आणि दोघंही थोडे चूक. कोण कुठे बरोबर, ते आज पाहू.

सुरुवात पायाखालच्या मातीपासूनच करू. बेसा-पिपळ्याकडे तुम्ही घर बांधलं असेल, तर कंत्राटदाराने सांगितलं असेल, "साहेब, काळी माती आहे, मुरूम लागेपर्यंत खोदावं लागेल." का? कारण ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेताला पडलेल्या भेगांत हात जातो, हे तुम्ही पाहिलंय. ज्या गुणामुळे ही माती भिंतीला तडे पाडते, त्याच गुणामुळे ती औषधाच्या कामाला येते.

चिकणमाती चिकटते कशी

काळी माती बसाल्ट खडक झिजून तयार झाली. या खडकाचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. या मातीत स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर असतात, त्यातलं प्रमुख मॉन्टमोरिलोनाइट. त्याची रचना वहीच्या पानांसारखी, अतिशय पातळ थरांची असते. थरांच्या मध्ये पाणी शिरलं की माती फुगते. या थरांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे धन भार असलेले पदार्थ त्यांना जाऊन चिकटतात. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममधली सगळी पानं उलगडून पसरली, तर साधारण सातशे चौरस मीटरच्या वर जागा व्यापतील. म्हणजे चिमूटभर मातीत सात-आठ टू बीएचके फ्लॅट!

आता दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, चिकणमाती पाणी धरून ठेवते. दोन, ती इतर पदार्थ धरून ठेवते. मातीचे सगळे खरे उपयोग या दोन गोष्टींतून निघतात. आणि धोकेही यातूनच निघतात, कारण काय धरायचं आणि काय सोडायचं हे मातीला कळत नाही.

मातीची पट्टी आणि गांधीजी

इथून पाऊण-शंभर किलोमीटरवर सेवाग्राम आहे. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. मातीच्या उपचारांची त्यांची आवड मात्र दक्षिण आफ्रिकेतली. अडॉल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकाचं पुस्तक वाचून बद्धकोष्ठासाठी ते पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधू लागले. पुढे १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला. मणिभाई देसाईंनी त्यासाठी आयुष्य दिलं. तो आश्रम आजही चालू आहे.

ही पट्टी काम कशी करते? ओलं फडकं कपाळावर ठेवलं तर काही मिनिटांत वाळतं. माती पाणी धरून ठेवते, हळूहळू सोडते, आणि त्या पाण्याची वाफ होताना त्वचेतली उष्णता जाते. थंडावा वीस-तीस मिनिटं टिकतो. डोकं दुखत असेल, उन्हाने अंगाची काहिली होत असेल, तर बरं वाटतं आणि ते खरंच वाटतं. पण "माती शरीरातलं विष खेचून घेते" हे जे सांगतात, त्याला आधार नाही. शरीरातला टाकाऊ माल बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंड करतात. त्वचेला तशी खिडकी नाही.

गांधीजींच्या लिहिण्यातला एक भाग त्यांचे भक्तही विसरतात. आरोग्यावरच्या पुस्तकात त्यांनी बजावलंय, की खत घातलेल्या शेतातली माती घेऊ नका, ती बारीक चाळून घ्या, आणि स्वच्छतेची शंका असेल तर चांगली तापवून घ्या. आणि हेही बघा. १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिक्सचा त्रास झाला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मातीच्या पट्टीवर एवढा विश्वास असलेला माणूसही त्या दिवशी सर्जनकडे गेला.

आपल्या काळासाठी मी एक पायरी आणखी जोडतो. उघड्या जखमेवर माती नको, तापवलेलीसुद्धा नको. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत राहतात आणि ते इतके चिवट असतात की साध्या उकळण्यानेही मरतील याची खात्री नसते. पूर्वी बाळाच्या नाळेला राख, माती, शेण लावायचे आणि आठवड्याभरात बाळ दगावायचं. लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे २०१५ मध्ये भारतातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. हे मिळवायला पिढ्या गेल्या, ते घालवायला चिमूटभर माती पुरेल.

पोटात घ्यायची माती

माती औषध म्हणून पोटातही देतात. मुलतानी माती आपण तोंडाला लावतो, तिच्याच जातीच्या मातीचा एक गंभीर उपयोग आपल्या विदर्भाच्या जवळचा आहे. पॅराक्वाट नावाचं तणनाशक शेतात वापरतात. त्याच्या कणांवर धन भार असतो, म्हणून जमिनीवर पडताच ते चिकणमातीला घट्ट चिकटतं आणि निष्क्रिय होतं. माणसाच्या पोटात गेलं तर मात्र ते फुप्फुसं निकामी करतं आणि त्यावर उतारा नाही. अशा वेळी रुग्णालयात पहिल्या काही तासांत अशी माती किंवा सक्रिय कोळसा पाजतात, जेणेकरून विष रक्तात जाण्याआधी थोडं तरी अडेल. यशाची खात्री नसते, पण वेळ फार मोलाची असते. म्हणून घरी माती कालवत बसू नका. डबा सोबत घ्या आणि रुग्णाला थेट मेडिकल, मेयो किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने माणसं गेली. औषधं वेगळी असतील, पण उशिराची किंमत तीच.

दुसरा उपयोग जुलाबावरचा. केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, पूर्वी जुलाबाच्या औषधांत सर्रास असायची. तिने शौच घट्ट दिसतं, पण शरीरातून जाणारं पाणी आणि क्षार भरून निघत नाहीत. आई निर्धास्त होते आणि मूल सुकत जातं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या जुलाबात ती देऊ नये असं सांगितलं. फ्रान्समध्ये स्मेक्टाइटचं औषध बरीच वर्षं वापरात आहे. तिथल्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं, की त्यात शिसं असू शकतं म्हणून दोन वर्षांखालच्या बाळांना ते देऊ नये. शुद्ध केलेल्या औषधी मातीची ही गोष्ट, मग ऑनलाइन मागवलेल्या 'डिटॉक्स क्ले'चं काय?

मातीचे डोहाळे

आता जरा अवघड विषय. गरोदरपणात माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, चुलीची भाजकी माती खावीशी वाटते. बाया हे लपवतात, कारण लाज वाटते. लाज वाटायचं कारण नाही. कालिदासाच्या रघुवंशात राणी सुदक्षिणासुद्धा माती खाते. आणि चरकसंहितेत पांडुरोगाच्या पाच प्रकारांत एक प्रकार माती खाल्ल्याने होणारा म्हणून स्वतंत्र सांगितलाय. पांडू म्हणजे फिकटपणा, आजच्या भाषेत रक्त कमी.

हे दुष्टचक्र आहे. लोह कमी असलं की अनेकांना माती खावीशी वाटते. आणि काही मातींचे थर अन्नातलं लोहच धरून ठेवतात, ते रक्तात जात नाही. वर जंताची अंडी आणि शिसं पोटात जातं ते वेगळंच. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्ताची कमतरता आहे. तेव्हा घरात कुणी माती खात असेल तर रागावू नका, हिमोग्लोबिन तपासा. आपल्या भागात सिकलसेल आहे, तीही तपासणी करून घ्या. आणि लोहाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. ती गोळी बहुधा फेरस सल्फेटची असते. हाच आपला जुना हिराकस, शुद्ध करून, मोजून दिलेला! घरातला हिराकस मात्र खायचा नाही.

मीठ वाचवतं तेव्हा

मग खनिज क्षार औषध नाहीत का? आहेत, आणि फार मोठी औषधं आहेत. दोन उदाहरणं देतो.

पहिलं एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. कोमट पाण्यात टाकून पाय बुडवले की बरं वाटतं, पण ते श्रेय मुख्यतः कोमट पाण्याचं. त्वचेतून मॅग्नेशियम नाव घेण्याइतकं आत जात असल्याचा भक्कम पुरावा नाही. हाच क्षार रुग्णालयात इंजेक्शनने दिला, की गरोदरपणात बीपी वाढून येणारे झटके अडवतो. ३३ देशांतल्या १० हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, आणि झटक्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. पदार्थ तोच. मात्रा आणि मार्ग बदलला, की पायाला आराम देणारं मीठ आई आणि बाळाचा जीव वाचवतं.

दुसरं ओआरएस. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली. सुमारे ३० टक्के असलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. गंमत बघा, नुसतं मिठाचं पाणी आतडं नीट शोषत नाही. ग्लुकोज सोबत असलं की सोडियम आत जातं आणि त्याच्या मागे पाणी. आजच्या एक लिटरच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मुलाला सोबत झिंकची गोळी १४ दिवस. झिंक सल्फेट, म्हणजे तोही एक क्षारच.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*गुडघेदुखीवर मातीचा लेप चालेल का?*

चालेल. गरम मातीच्या उपचाराने संधिवातात काही काळ दुखणं कमी झाल्याचे अभ्यास आहेत. पण माती लावली की नाही हे रुग्णाला कळतंच, त्यामुळे उष्णतेचा परिणाम किती आणि मातीचा किती, हे वेगळं काढणं कठीण. झिजलेली कूर्चा परत येत नाही. लेप लावा, व्यायाम सोडू नका.

*मधुमेह असताना गरम मिठाच्या पाण्यात पाय बुडवावेत?*

नकोच. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. पाणी किती गरम आहे हे कळत नाही, भाजतं, आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही. लेपाचंही तेच.

*आम्ही घरी सैंधवच वापरतो. बीपीला बरं असतं म्हणतात.*

काकू, सैंधवातही बहुतेक सगळं सोडियम क्लोराइडच असतं. गुलाबी रंग लोहाचा, तोही नावापुरता. बीपीला दोन्ही सारखंच. उलट त्यात सहसा आयोडीन घातलेलं नसतं, आणि घरात लहान मुलं किंवा गरोदर सून असेल तर आयोडीन हवंच. कोणतंही मीठ घ्या, पण दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. लोणचं, पापड, फरसाण त्यातच मोजायचं.

*ऊन लागलेल्या माणसाला मातीची पट्टी पुरेल का?*

नुसतं डोकं तापलं असेल, माणूस नीट बोलत असेल, पाणी पीत असेल, तर पट्टी ठेवा, काही बिघडत नाही. पण अंग भट्टीसारखं तापलंय आणि तो असंबद्ध बोलतोय, तर तो उष्माघात आहे. सावलीत न्या, अंगावर भरपूर पाणी ओता, पंखा लावा, काखेत आणि मानेला बर्फ ठेवा आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका. त्या वेळी माती भिजवायला घेऊ नका, तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो.