फार्मवरचे चारचाकी तट्टू

न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडची आपली काही मंडळी निवृत्तीच्या सुमारास गावाबाहेर चार-सहा एकर जमीन घेऊ लागली आहेत. जमीन आली की कुंपण आले, लाकडे आली, चिखल आला. आणि मग शेजारच्या शेतकऱ्याकडचे ते फताड्या टायरांचे वाहन आपल्याही दारी असावे असे वाटू लागते. आमच्या एका स्नेह्यांनी होंडाचे ‘रँचर’ घेतले, ४२० सीसीचे. त्यांच्याकडे दोन दिवस राहून आम्ही ते चालवले, आणि खरे सांगायचे तर थोडे घाबरलोही.

हँडल मोटारसायकलचे, काम जीपचे, असा हा प्रकार. वजन अडीचशे किलोंच्या वर. इंजिन एकाच सिलिंडरचे, पण बसवले आहे लांबीच्या दिशेने. त्यामुळे शक्ती वळणे न घेता शाफ्टमधून सरळ पुढच्या-मागच्या चाकांकडे जाते. साखळी नाही, म्हणजे चिखलात ती तुटण्याची भीती नाही. गिअर पाच, शिवाय रिव्हर्स. क्लचचा दांडा नाही. ॲक्सिलरेटर मूठ पिळून नव्हे, उजव्या अंगठ्याने दाबायचा. आम्हा जुन्या स्कूटरवाल्यांचा हात पहिला अर्धा तास उगाचच मूठ पिळत राहिला!

सपाट जागी दोनच चाके चालवायची. चिखल किंवा चढ आला की चारही जोडायची. चार जोडली की हँडल जड होते, हे लगेच मनगटाला कळते. टायरांत हवा चार-पाच पौंडच. मोटारीच्या टायरात तीस-बत्तीस असते, त्या मानाने ही अगदी मऊ. म्हणूनच ते ओल्या मातीत रुतत नाहीत, आणि म्हणूनच डांबरी रस्त्यावर हे वाहन बेभरवशाचे ठरते. पुढच्या रॅकवर ६६ पौंड, मागच्यावर १३३ पौंड, आणि मागे ट्रेलर जोडला तर ८४८ पौंड ओढण्याची याची ताकद. स्नेह्यांनी एका सकाळी हिवाळ्याची सारी लाकडे आणून टाकली. पेट्रोलची टाकी मात्र चार गॅलनच्या आतलीच.

या जातीचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. १९७० साली होंडाने तीनचाकी गाडी आणली. ती वळणावर उलटे, माणसे जायबंदी होत. १९८८ मध्ये अमेरिकेत नव्या तीनचाकींची विक्री बंद झाली. तोवर चारचाकी आल्या होत्या. १९८६ साली होंडाची चारही चाके चालवणारी ३५० सीसीची गाडी निघाली. ‘रँचर’ ४२० सीसीची झाली २००७ पासून.

आता आमच्या भीतीचे कारण. याची बैठक लांबलचक असते, म्हणून आपल्या लोकांना वाटते की दोघांची सोय आहे. तशी ती नाही. चढावर पुढे सरकायचे, उतारावर मागे, आडव्या उतारावर अंग चढाच्या बाजूला झुकवायचे, यासाठी ती लांबी. मागे कोणी कमरेला मिठी मारून बसला की चालवणाऱ्याला हलताच येत नाही, आणि गाडी तर अंगाच्या तोलावरच चालते. गाडीवर तशी सूचना चिकटवलेली असते. सोळा वर्षांखालील मुलांनी चालवू नये, हेही तिथेच लिहिलेले.

स्नेह्यांनी ती वाचली नव्हती. गेल्या शरद ऋतूत दहा वर्षांच्या नातवाला मागे बसवून ते ओढ्याकाठच्या आडव्या उतारावरून निघाले. गाडी हळूच, अगदी हळूच कलंडली. आजोबा बाजूला फेकले गेले, नातवाचे हासळीचे हाड मोडले. गाडी अंगावर आली नाही, एवढे नशीब. “वेग तर चालण्याइतकाच होता हो,” असे ते आम्हाला तीनदा म्हणाले.

नातू आता बरा आहे. लाकडे अजून त्याच गाडीवर येतात. आजोबांच्या डोक्यावर हेल्मेट असते, मागच्या बैठकीवर कोणी नसते, आणि किल्ली आजीने स्वयंपाकघरातल्या फडताळात, हळदीच्या डब्यामागे ठेवली आहे.