चिरेखाणीचा खड्डा बुजवण्याआधी सडा एकदा फिरून बघूया



तोंडवली-वायंगणीच्या सड्याचं नाव मागे सी वर्ल्ड प्रकल्पामुळे सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. आजही किनाऱ्यावर रिसॉर्ट, प्लॉट, रस्ता असा कुठला ना कुठला विषय चालूच असतो. अशा वेळी बंद चिरेखाणीबद्दल आपण सहज बोलून जातो, "थंय काय आसा? नुसतो खड्डो." पण अशा जागेवर बांधकाम होण्याआधी एक तपासणी व्हायला हवी. ती काय असते आणि त्यात आपलं काम कोणतं, ते या वेळी समजून घेऊ.

वेंगुर्ला तालुक्यातल्या रेडीचा द्विभुज गणपती आपल्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिलाय. ती मूर्ती १९७६ मध्ये लोहखनिजाच्या खाणीच्या भागातच जमिनीखाली मिळाली. गोव्यात सांगे तालुक्यात, खाणपट्ट्यातच, कुशावती नदीकाठी फणसायमळ आहे. तिथली कातळचित्रं मातीखाली झाकलेली होती. १९९३ मध्ये ती अभ्यासकांसमोर आली. म्हणजे खाणीचा भाग असला म्हणून तिथे जुनं काही उरलेलं नसतं, असं नाही.

आपल्या सड्याचा जांभा तर दोन्ही कामांचा. त्यातून चिरे निघतात आणि त्याच्यावरच पूर्वजांनी कातळशिल्पं कोरलीत. मालवण तालुक्यातलं कुडोपी हे त्याचं जवळचं उदाहरण. रत्नागिरी जिल्ह्यात कशेळीला एकाच मोठ्या हत्तीच्या आकृतीत कितीतरी प्राणी कोरलेत. अभ्यासक ही शिल्पं काही हजार वर्षांपूर्वीची मानतात. २०२२ मध्ये कुडोपी, कशेळी, उक्षी, बारसू, फणसायमळ अशा नऊ ठिकाणांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

आता खाणीचं बघा. चिरे काढले तिथला वरचा कातळ गेला, तो परत येणार नाही. पण खाणीच्या कडेचा न कापलेला कातळ, जुनी पायवाट आणि टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्याखालचा भाग शिल्लक असतो. नंतर सपाटीकरणाला जेसीबी येतो तेव्हा धोका या उरलेल्या भागाला असतो. एक-दोन इंच खोल कोरलेलं चित्र एका दिवसात जातं आणि ते होतं हेही कोणाला कळत नाही.

तपासणी कशी होते?

ब्रिटनमध्ये १९९० पासून बांधकामाची परवानगी देतानाच जमिनीखालच्या जुन्या अवशेषांचा विचार करतात. पद्धत साधी आहे. आधी जुने नकाशे आणि कागद बघायचे. मग जागा पायी फिरायची. शंका आली तर थोड्या जागेत छोटे चर खणायचे. काही मिळालं तर ते राखायचं, किंवा निदान मोजून, फोटो काढून नोंद करायची. हे सगळं बांधकामाआधी होतं, म्हणून आराखडा थोडा सरकवता येतो.

आपल्याकडे मोठ्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण परवानगी लागते. त्यातल्या काहींची जनसुनावणी होते. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीची अट असते. पण हा नियम फक्त संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या जागेला लागतो. ज्या शिल्पाची नोंदच नाही, ते फाईलमध्ये दिसत नाही. म्हणून पहिली नोंद गावातूनच व्हायला हवी.

आपण काय करायचं?

सडा आपल्याइतका कोणाला माहीत आहे? गवत, लाकडं, गुरं यासाठी तुम्ही तो वर्षानुवर्षं तुडवलाय. "पांडवांनी काढलेला" म्हणून दाखवतात तो कातळ कुठे, हे गावातल्या आजींना विचारा.

• जमीनमालकाला विचारून, गवत कापल्यावर, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. तिरक्या उन्हात रेषा नीट दिसतात.
• माती हलक्या झाडूने बाजूला करा. खडू, रंग, तेल लावू नका, खरवडू नका.
• शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. मोबाईलवर जागेचं लोकेशन सेव्ह करा.
• पाण्याने भरलेल्या खाणीच्या कडेला एकटीने जाऊ नका.
• ग्रामसभेत विषय मांडून ठराव घ्या. प्रत तहसीलदारांना आणि पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला द्या.

खणताना नाणी किंवा दागिने मिळाले तर वाटून घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

"मगे आमची जमीन अडकात काय?" ही भीती खरी आहे. सातबारावर नाव असलेल्या ताईसाठी तो पोटाचा प्रश्न आहे. पण बहुतेक शिल्पं सड्याचा छोटा तुकडाच व्यापतात. आधी कळलं तर तेवढा भाग सोडून बाकीचा विचार करता येतो. अर्धं काम झाल्यावर कळलं, तर मालक, गाव आणि बांधणारा, सगळेच अडकतात. उक्षी गावात हत्तीच्या शिल्पाभोवती कठडा बांधून ते जपलंय, लोक बघायला येतात. पाहुणे आले की चहा, खाजं, कोकम सरबत विकायला आपले गट आहेतच.

पुढच्या मासिक बैठकीत एकच काम करूया. आपल्या वाडीच्या सड्यावरच्या बंद चिरेखाणींची यादी करायची आणि प्रत्येकीच्या आजूबाजूला कोणी काय पाहिलंय, ते इतिवृत्तात लिहायचं. यादी झाली की मला कळवा, पहिल्या फेरीला मी तुमच्यासोबत येते.