विसार देण्याआधी गाडी चालवून बघा

गेल्या दोन-तीन महिन्यांत माण आणि खटावकडच्या काही गटांनी एकच प्रश्न विचारला. बाजाराला माल न्यायला दर वेळी भाड्याचा टेम्पो परवडत नाही, म्हणून गटातर्फे जुनी छोटी मालगाडी घ्यायची आहे, तर ती घेताना काय बघायचं? बघायच्या गोष्टी खूप आहेत. पण आज मी फक्त ट्रायलबद्दल बोलणार आहे, म्हणजे घेण्याआधी गाडी चालवून बघणं. आपल्या बायका नेमकं हेच टाळतात असं मी बघितलंय. गाडी बघायला पाच-सहा जणी जातात, रंग बघतात, सीटचं कव्हर बघतात, आणि चालवून बघायची वेळ आली की कुणाच्या तरी भावाला पुढं करतात. तो एक चक्कर मारून येतो, “चांगली आहे” म्हणतो, आणि त्याच्या त्या दोन शब्दांवर दहा जणींची पाच-सात वर्षांची बचत मोकळी होते.

मोबाईलवर लाल रंगाची, दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली शर्यतीची गाडी तुम्ही बघितली असेल. ती घेणारा पैसेवाला माणूससुद्धा आधी चालवून बघतो. त्याला वेगाची मजा येते का एवढंच बघायचं असतं, आणि नाही आवडली तर त्याचं काही अडत नाही. आपली गाडी घाटात बंद पडली तर टोमॅटो सडतो, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून आपली ट्रायल त्याच्यापेक्षा कडक पाहिजे.

आता आपल्या भागात जी गाडी सगळ्यात जास्त दिसते ती टाटा एस, जिला सगळे छोटा हत्ती म्हणतात. २००५ साली ती बाजारात आली. पहिल्या गाड्यांना दोन सिलिंडरचं, सातशे सीसीच्या आसपासचं डिझेल इंजिन होतं आणि साधारण पाऊण टन माल नेण्यासाठी ती बनवलेली होती. कंपनी कुठलीही असो, मी सांगते ते सगळ्या छोट्या मालगाड्यांना लागू आहे.

पहिली गोष्ट, ट्रायलला सकाळी जा आणि न सांगता थोडं लवकर जा. इंजिन थंड असताना गाडी कशी चालू होते यावरून निम्मी गाडी कळते. विकणाऱ्याने आपण यायच्या आधीच गाडी चालू करून गरम केली असेल तर चालू होतानाची कुरकूर झाकली जाते. इंजिनला हात न लावता जवळ तळहात धरा, ऊब लागली तर समजा. मग शांतपणे म्हणा, “दादा, आम्ही उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका.” एका गटाने हे असंच केलं. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीला धक्का मारायला तीन माणसं लागली. आदल्या दिवशी तीच गाडी “एकदम टकाटक” होती.

गाडी चालू करताना एक जण मागे सायलेन्सरपाशी उभी राहू दे. धूर बघणं हे तिचं काम. थंडीत सकाळी पांढरी वाफ थोडा वेळ दिसते आणि जाते, ती चालते. पण इंजिन गरम झालं तरी पांढरा धूर जात नसेल तर इंजिनात पाणी शिरतंय अशी शंका घ्या. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, आणि ते काम मोठ्या खर्चाचं असतं. जोरात ॲक्सिलेटर दिल्यावर डिझेल गाडी जरा काळा धूर सोडते. सारखाच काळा धूर असेल तर एअर फिल्टर चोंदलाय किंवा डिझेलचा पंप-नोझल बिघडलाय. इंजिन बंद असताना ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. ताकावर लोणी येतं तसा पिवळट-पांढरा थर जाड बसला असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय, त्या गाडीपाशी जास्त वेळ घालवू नका.

आता गाडी चालवायची कुणी? गटातल्या ज्या बाईकडे हलक्या मोटारवाहनाचं लायसन आहे आणि जी पुढे ही गाडी चालवणार आहे, तिनेच. तशी साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली पुन्हा स्पष्ट केलंय, त्यामुळे वेगळं लायसन लागेल म्हणून कुणी अडवत असेल तर घाबरू नका. मात्र लायसन नसलेल्या बाईला हौस म्हणून बसवू नका. ट्रायलमध्ये अपघात झाला आणि चालवणारीकडे लायसन नसलं तर इन्शुरन्स कंपनी नुकसानभरपाईचा बोजा आपल्यावर टाकू शकते. म्हणून स्टिअरिंगला हात लावायच्या आधी आरसी आणि इन्शुरन्स मागून घ्या, तारीख वाचा. इन्शुरन्स संपला असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका, कितीही आग्रह केला तरी. आणि बाकीच्या मैत्रिणी मागे हौद्यात बसून निघाल्या असं करू नका. मालाच्या गाडीत हौद्यात माणसं बसवायला परवानगी नाही. पुढे जेवढ्या सीट आहेत तेवढ्याच जणी बसा.

चालवणारी बाई सीटवर बसली की आधी गाडी हलवू नका. क्लच पूर्ण दाबता येतो का बघा. आपल्यातल्या पुष्कळ जणींची उंची पाच फुटांच्या आत-बाहेर असते. क्लच दाबायला सीटच्या टोकावर सरकून बसावं लागत असेल तर रोज चाळीस किलोमीटर ती बाई चालवणार कशी? सीट पुढे सरकते का, पाठीला उशी लावून जमतं का, दोन्ही आरशांत मागचं दिसतं का, हे निवांत बघा. विकणारा घाई करेल, करू द्या. पुरुष ड्रायव्हरने ट्रायल घेतली तर ही गोष्ट त्याच्या लक्षातच येत नाही, कारण त्याला त्रास होत नाही. मला तर वाटतं, गटाची गाडी घरातल्या पुरुषांच्या हातात जाते त्याची सुरुवात इथंच होते. पहिल्या दिवशी सीटवर तो बसला की पुढे तोच बसतो.

रस्ता कुठला घ्यायचा हे आपण ठरवायचं. विकणारा सपाट हायवेवर नेईल, तिथं कुठलीही गाडी पळते. आपली गाडी जाणार वस्तीच्या कच्च्या रस्त्याने आणि मग घाटाने. दहिवडीकडून फलटणला माल न्यायचा असेल तर मोगराळे घाट लागणारच. मग ट्रायलमध्ये तो घाट नाहीतर तसाच चढ पाहिजे. आणि गाडी रिकामी नको. पन्नास किलोची दहा-बारा पोती आधीच कुठून भरायची ते ठरवून ठेवा, म्हणजे पाचशे-सहाशे किलो झाले. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी म्हणजे दोन वेगळ्या गाड्या समजा. विकणारा वजन घालू देत नसेल तर त्याचं कारण विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर घरी या.

चढावर पुष्कळ गोष्टी उघड्या पडतात. इंजिनचा आवाज वाढतोय पण गाडीचा वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच प्लेट घासलीय. जळकट वास आला तर नक्कीच. मध्येच चढावर थांबा, हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवरच ठेवून हळूहळू सैल करा. भरलेली गाडी हँडब्रेकवर धरली पाहिजे. मग तिथूनच गाडी उचला. मागे मागे घसरत असेल, धडधडत असेल, तर लिहून ठेवा. हो, वही बरोबर न्या. शेजारी बसलेल्या बाईने फक्त लिहायचं काम करावं आणि अधूनमधून इंजिनच्या तापमानाचा काटा बघावा. घाट चढून काटा लाल पट्ट्याकडे गेला तर रेडिएटर नाहीतर पाण्याचा पंप, काहीतरी आहे.

उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवा. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल करणारे ड्रायव्हर असतात, त्यांचं ऐकू नका. त्याने सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग लागत नाहीत. उतारावर गिअर आपोआप निसटतो का तेही कळतं. सपाटीला आल्यावर, मागेपुढे कुणी नाही बघून, तीस-चाळीसच्या वेगात जरा जोरात ब्रेक दाबा. गाडी सरळ थांबली पाहिजे. एका बाजूला ओढली तर त्या चाकांचे ब्रेक सारखे लागत नाहीत. पॅडल स्पंजासारखं खाली जात असेल तर ब्रेक ऑइल गळतंय किंवा त्यात हवा आहे. ब्रेकच्या बाबतीत “नंतर करून घेऊ” हे बोलणं चालणार नाही.

कच्च्या रस्त्यावर काच खाली करा, टेप बंद करायला सांगा आणि फक्त ऐका. खडखडाट कुठून येतो? पाटे तुटलेत का, शॉकअब गेलेत का, हे गॅरेजवाला सांगेल, आवाज ऐकायचं काम आपलं. स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाक वळतच नसेल, म्हणजे मोकळं फिरत असेल, तर तेही लिहा.

परत आलात की लगेच निघू नका. गाडीखाली एक स्वच्छ पुठ्ठा सरकवा आणि चहा घ्या. पंधरा-वीस मिनिटांनी पुठ्ठा काढा. काळा-तपकिरी डाग ऑइलचा, हिरवट किंवा गुलाबी डाग बहुधा रेडिएटरच्या कूलंटचा, चाकाजवळचा पिवळसर डाग ब्रेक ऑइलचा असू शकतो. मग गरम इंजिन परत चालू करून बघा, कारण काही गाड्या थंडपणी चालू होतात आणि तापल्यावर रुसतात. याच वेळेत टायर बघून घ्या. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी चांगली दिसते पण रबर जुनं होऊन तडकलंय, असं पुष्कळदा असतं.

किलोमीटरच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका, तो फिरवता येतो. पॅडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंगची पकड झिजलीय आणि आकडा म्हणतोय तीस हजार, तर पॅडलवर विश्वास ठेवा.

आपल्या ट्रायलनंतर गॅरेजवाल्याला घेऊन दुसरी चक्कर मारा. तो गॅरेजवाला विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, आणि त्याच्या कामाचे पैसे त्याला द्या, फुकट नको. फुकट बघणारा बहुतेक वेळा “ठीक आहे” म्हणून मोकळा होतो. वहीतला प्रत्येक दोष त्याला वाचून दाखवा आणि समोर अंदाजे खर्च लिहून घ्या. ती बेरीज घेऊन भावाला बसा.

इथं विकणारा म्हणेल, “ताई, विसार देऊन जा, आत्ता दुसरं गिऱ्हाईक येतंय. क्लच-ब्रेक मी करून देतो.” त्याला सांगा, आमच्या गटात बैठकीत ठराव झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. हे खरंही आहे आणि कामालाही येतं. वही बैठकीत वाचा, जी बाई गाडी चालवणार तिला सगळ्यात आधी बोलू द्या. त्याने दुरुस्ती कबूल केली असेल तर ती झाल्यावर पुन्हा जायचं, पुन्हा पोती भरायची, पुन्हा तोच चढ चढायचा. विसार त्याच्यानंतर, आणि तोही पावती घेऊन.