आठाचा नऊ कसा झाला?

१११११११११ ला त्याच संख्येने गुणून पाहा. कॅल्क्युलेटर नको, वहीच घ्या. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, फक्त दर खेपेला एक घर डावीकडे सरकलेले. मग उभी बेरीज करा. उजवीकडून पहिल्या रकान्यात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असं चढत मधल्या रकान्यात नऊ, आणि तिथून पायरीपायरीने उतरत परत एक. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१.

बारा हजार तीनशे पंचेचाळीस लाख कोटींहून मोठी, सतरा अंकी संख्या! उलटी वाचली तरी तीच. अंकांची बेरीज ८१, म्हणजे तीही नवाचा वर्ग. पण मला सगळ्यात जास्त भुरळ पडते ती एका साध्या गोष्टीची: या अख्ख्या बेरजेत एकदाही हातचा घ्यावा लागत नाही.

१, १२१, १२३२१ अशा चढत जाणाऱ्या या घराण्याला देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी 'डेम्लो संख्या' म्हटलं. डेम्लो हे जी. आय. पी. रेल्वेवरच्या आजच्या डोंबिवली स्टेशनचं तेव्हाचं नाव. कल्पना त्यांना तिथे सुचली होती. गणितात माणसांची नावं ठायीठायी भेटतात, रेल्वे स्टेशनचं क्वचितच.

आता रांगेत आणखी एक एक जोडा. दहा एकांचा वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्याची बेरीज दहा झाली: शून्य लिहा, हातचा एक. तो शेजारच्या नवाला मिळाला, त्याचेही दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. तो आठाला मिळाला, आठाचा नऊ झाला आणि गडबड तिथेच थांबली. उजवीकडची उतरण शाबूत आहे, डावीकडच्या चढणीतून मात्र आठ गेला.

आठ गाळलेली ही चढण आपल्या ओळखीची आहे. नऊ एकांचे अवयव पाडले तर ३ × ३ × ३७ × ३३३६६७. दोन्ही तीन बाजूला ठेवून उरलेल्यांचा गुणाकार करा: १२३४५६७९. लहानपणी पाठ केलेली गंमत हीच, याला नऊने गुणलं की सगळे एक.

इथला आठ कुठे गेला? १ ला ८१ ने भागा. १/८१ म्हणजे १/९ चा वर्ग, आणि १/९ म्हणजे ०.१११…, एकांची कधीच न संपणारी रांग. ती स्वतःशीच गुणली की रकान्यांत एक, दोन, तीन करत नऊ, दहा, अकरा भरत जातात. दहाचा हातचा नवाकडे जातो, नवाचा आठाकडे. उत्तर येतं ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… भागाकार कितीही लांबवा, सातानंतर थेट नऊच येतो.