फिट आली म्हणजे मिरगीच का?

कपाशीवर औषध फवारणारा मजूर अचानक कोसळतो. हातपाय ताठ होतात, झटके येतात, तोंडाला फेस येतो. जमलेले लोक म्हणतात, "मिरगी आली." कुणी नाकाशी चप्पल धरतो, कुणी कांदा हुंगवतो. यात एक चूक उपचाराची आहे, दुसरी निदानाची. दुसरी जिवावर बेतू शकते.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक जण दगावले. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट विषे शरीरात काय करतात ते पाहू. चेतापेशींमधला संदेश ॲसिटिलकोलीन हे रसायन पोचवते. काम झाले की एक विकर ते मोडून टाकते. विष या विकरालाच निकामी करते, त्यामुळे संदेश थांबतच नाहीत. लाळ, घाम, उलट्या सुरू होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि विष फार भिनले तर फिट येते. अशा रुग्णाचे भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे लागते आणि रुग्णालयात तातडीने ॲट्रोपिन द्यावे लागते.

म्हणजे फिट हे लक्षण आहे. मिरगी, अर्थात अपस्मार, हा आजार. विषबाधा, रक्तातली साखर फार उतरणे, दारू एकाएकी सुटणे अशा तात्कालिक कारणाशिवाय, २४ तासांहून अधिक अंतराने दोन फिट आल्या तर त्याला अपस्मार म्हणतात. एकाच फिटनंतर तपासणीत पुढचा धोका मोठा दिसला, तरीही हे निदान करतात. प्रौढ वयात पहिली फिट आली तर मेंदूचे चित्रण करून पट्टकृमीच्या अळीची गाठ, जुनी इजा, पक्षाघात किंवा अर्बुद यांचा शोध घेतात. मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, उपयोगी असतो; पण तो निर्दोष आला म्हणून अपस्मार नाही असे ठरत नाही.

म्हणूनच डॉक्टरांचा मोठा आधार असतो तो डोळ्यांनी पाहणाऱ्याचा. सुरुवात एका हातापासून झाली का? शुद्ध किती वेळ हरपली? आधी फवारणी केली होती का? घड्याळ लावून पाहिलेली ही माहिती लिहून द्यावी.

फिट चालू असताना रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये. ५ मिनिटांत फिट थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली किंवा विषबाधेची शंका असली, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

योग्य औषधे नियमित घेतल्यास १०० पैकी सुमारे ७० रुग्णांच्या फिट थांबू शकतात. बरे वाटते म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे. न थांबणारी फिट येऊ शकते. जागरण टाळावे; विहिरीच्या काठावर किंवा यंत्रावर एकट्याने काम करू नये. व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाने गर्भाला अपाय होऊ शकतो, म्हणून स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.

हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा लग्नाच्या आड येणारा उल्लेख होता. तो १९९९ च्या दुरुस्तीने वगळला गेला. गावातल्या मनांतून तो वगळण्याचे काम शाळेत सुरू होऊ शकते.