फोरममधली पुरुषपणाची परीक्षा

रोमच्या फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य सार्वजनिक चौकात, भाषणाला उभं राहणाऱ्याची परीक्षा तोंडातून पहिलं वाक्य निघण्याआधीच सुरू होई. टोगा अंगावर कसा घेतलाय, हात किती हलतात, मान कलते का, आवाज किनरा होतो का, हे सगळं लोक टिपून घेत. वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियननं इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस वक्तृत्वावर 12 भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या अकराव्या भागात त्यानं आवाज, हातवारे आणि टोग्याच्या निऱ्या यांना बरीच जागा दिली आहे.

यामागची समजूत अशी, की ज्याचा स्वतःच्या शरीरावर ताबा नाही त्याच्या हाती राज्य कसं द्यायचं? पुरुष म्हणून जन्मून भागत नसे, पुरुषपण चारचौघांत रोज दाखवावं लागे. म्हणूनच प्रतिपक्षाला ‘बायकी’ ठरवलं, की त्याचा मुद्दा खोडून काढायची गरजच उरत नसे.

सिसेरोनं मार्क अँटनीवर हेच शस्त्र चालवलं. इ.स.पू. 44 मधलं त्याचं ‘दुसरं फिलिपिक’ हे अँटनीविरुद्धचं भाषण सिनेटमध्ये झालंच नाही, ते लिखित रूपातच राहिलं. त्यातला वार समजायला पोशाखाचा संकेत ठाऊक हवा. टोगा हे पुरुष नागरिकाचं वस्त्र. प्रतिष्ठित विवाहिता स्टोला घाली, आणि स्त्रियांमध्ये टोगा वेश्येशी जोडलेला होता. सिसेरो म्हणतो, अँटनीनं वयात येताच पुरुषाचा टोगा घेतला आणि लगेच त्याचा वेश्येचा टोगा करून टाकला. पुढे त्याचा मित्र क्युरिओनं जणू त्याला स्टोला घालून रीतसर नांदवलं! एका वस्त्राच्या आधारानं सिसेरोनं अँटनीचं नागरिकत्व, अब्रू आणि अधिकार तिन्ही काढून घेतले. आरोप खरा की खोटा, हे इथं गौणच होतं.

खरी पंचाईत चांगल्या वक्त्याची होई. आवाज कमावल्याशिवाय आणि हातवारे घोटून बसवल्याशिवाय सभा जिंकता येत नसे. पण हीच मेहनत जरा जास्त दिसली, की माणूस नटांच्या, नर्तकींच्या रांगेत जाऊन बसे. सिसेरोच्या तोडीचा वकील हॉर्टेन्सियस पोशाखात टापटीप आणि हातवाऱ्यांत सफाईदार. पब्लियस सुल्लाच्या खटल्यात विरुद्ध बाजूच्या टॉर्क्वेटसनं त्याला न्यायाधीशांसमोर ‘डायोनिसिया’ म्हटलं. हे एका नावाजलेल्या नर्तकीचं नाव. हॉर्टेन्सियसनं आवाज चढवला नाही. मृदू स्वरात तो म्हणाला की आपण डायोनिसिया झालेलं परवडेल, पण टॉर्क्वेटससारखं कलादेवतांपासून, अ‍ॅफ्रोडाइटपासून आणि डायोनिससपासून कोसभर दूर राहणं नको. मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं, कारण त्यानं आरोप नाकारण्याऐवजी मोजपट्टीच नाकारली.

स्त्रीला तर या मैदानात जागाच नव्हती. तरीही इ.स.पू. 42 मध्ये याच हॉर्टेन्सियसची मुलगी हॉर्टेन्शिया फोरममध्ये बोलली. अँटनी, ऑक्टेव्हियन आणि लेपिडस या तिघा सत्ताधीशांना यादवी युद्धासाठी पैसा हवा होता, म्हणून त्यांनी 1,400 श्रीमंत स्त्रियांवर कर लावला. स्त्रिया आधी रीतीप्रमाणे या तिघांच्या घरच्या बायकांकडे गेल्या. ऑक्टेव्हियनची बहीण आणि अँटनीची आई यांनी ऐकून घेतलं, पण अँटनीची बायको फुल्व्हियानं त्यांना दारातून हाकललं. मग त्या थेट फोरमवर धडकल्या. इतिहासकार अ‍ॅपियननं दिलेल्या वृत्तांतात हॉर्टेन्शियाचा युक्तिवाद सरळ आहे: पदं, मानसन्मान, सेनापतीपद, राज्यकारभार यांत आम्हाला वाटा नाही, मग कर का? परका शत्रू आला तर देऊ. आपसातल्या युद्धाला छदामही देणार नाही. ज्या भेदानं तिला गप्प बसवलं होतं, तोच तिनं पुरावा म्हणून पुढे ठेवला. पुरुष गप्प असताना बायका सभा भरवतात, याचा तिघांना संताप आला. त्यांनी लिक्टरांना, म्हणजे आपल्या दिमतीच्या शिपायांना, बायकांना हटवायला सांगितलं, पण बाहेर जमलेल्या लोकांनी गलका केला आणि लिक्टर थांबले. दुसऱ्या दिवशी यादी 400 वर आली.

रोमन लेखक व्हॅलेरियस मॅक्सिमसनं तिची वाखाणणी केली ती बाप मुलीच्या रूपानं पुन्हा जिवंत झाला असं म्हणून. क्विंटिलियनचा निवाडा अधिक न्याय्य वाटतो. ते भाषण त्याच्या काळातही वाचलं जाई, आणि ते केवळ एका बाईचा मान राखण्यासाठी नाही, असं त्यानं नोंदवून ठेवलं आहे.