जुलाबात साखर कशाला?

बैठकीत एकीनं विचारलं, "जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-पाणी समजलं, पण साखर कशाला?"

प्रश्न मोलाचा आहे. साखर सोबत असली की आतडं मीठ चांगलं ओढून घेतं, आणि मिठामागे पाणी अंगात जातं. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाईन कमी पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी पाजून कॉलऱ्याचे शेकडो रोगी वाचवले.

आशाताईंकडचं ओआरएसचं पाकीट उत्तम. नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. अंदाजानं नको हं! साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात, जास्त मीठ तर घातकच. घोटघोट पाजा, अंगावरचं दूध तोडू नका. लेकरू मलूल झालं, डोळे खोल गेले, तर पाजत पाजतच दवाखाना गाठा.